परदेशी पासपोर्ट, पुण्यातली बारावी: प्रवेश आणि शिष्यवृत्तीचा हिशेब कसा मांडायचा

बाणेर, औंध, वाकडच्या मोठ्या सोसायट्यांमध्ये अशी चार-दोन मुलं हमखास असतात. जन्म न्यू जर्सीचा किंवा सिएटलचा, शाळेच्या सुरुवातीच्या वर्षांत आई-बाबांबरोबर पुण्यात परतलेली, चौथीत शिवाजी महाराजांचा इतिहास पाठ केलेली, गणपतीत ढोल वाजवणारी. पासपोर्ट मात्र अमेरिकेचा, आणि कपाटात एक ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला भारत सरकार देतं ते. दहावीपर्यंत या पासपोर्टाचं कुणाला काही पडलेलं नसतं. अकरावी-बारावीत क्लास लागतो, सगळी चर्चा पर्सेंटाइलभोवती फिरते, आणि मग एखाद्या अर्जात 'राष्ट्रीयत्व' हा रकाना येतो. तिथे घरातले सगळे एकमेकांकडे बघतात.

माझं सांगणं एवढंच, की या मुलांच्या बाबतीत मार्कांच्या आधी गट ठरतो. आपलं मूल कोणत्या रांगेत उभं राहणार हे दहावीतच नक्की करून घ्या. तेच मूल, तेच मार्क, पण रांग बदलली की फी कित्येक पटींनी बदलते आणि शिष्यवृत्तीचे दरवाजेही बदलतात.

आधी चार कागद टेबलावर ठेवा

पासपोर्ट, ओसीआय कार्ड (जुनं असेल तर तेही), जन्मदाखला आणि शाळेचा जनरल रजिस्टरमधला उतारा. या चार कागदांवर मुलाचं नाव, जन्मतारीख आणि राष्ट्रीयत्व जुळतंय का ते बघा. बहुतेक घरांत जुळत नाही.

नावाची गोष्ट सोपी वाटते, पण छळते. आपल्या बोर्डाच्या मार्कलिस्टवर आडनाव पहिलं, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. अमेरिकन पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी मधल्या नावात असतं, कधी नसतंच. दहावीचा बोर्डाचा अर्ज भरतानाच पासपोर्टशी जुळेल असं नाव द्या. पुढे वकिलाकडचं प्रतिज्ञापत्र जोडत फिरण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

त्याहून मोठी अडचण शाळेच्या दाखल्यात असते. प्रवेशाच्या वेळी कारकुनाने सवयीने 'राष्ट्रीयत्व: भारतीय' असं लिहून टाकलेलं असतं आणि पालकांनीही ते वाचलेलं नसतं. मूल शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांना पासपोर्टची प्रत देऊन ही नोंद दुरुस्त करून घेणं सोपं असतं. दाखला हातात पडला की तीच दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीपर्यंत जाते. काही पालक म्हणतात, राहू दे की भारतीय, फायदाच होईल. तसा फायदा घेऊ नका. कागदपत्रांच्या छाननीत पासपोर्ट मागितला जातो, आणि विसंगती दिसली तर मिळालेला प्रवेशही धोक्यात येतो.

आधार कार्डाबद्दल गैरसमज फार आहे. ओसीआय असलेल्या आणि मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस किंवा अधिक भारतात राहिलेल्या व्यक्तीला आधार मिळतं. ते ओळखपत्र आहे, नागरिकत्वाचा पुरावा नाही. 'आधार आहे ना, मग झालं' हे वाक्य प्रवेश समितीपुढे चालत नाही.

मुलाकडे ओसीआय कार्डच नसेल, नुसता व्हिसा असेल, तर ते पूर्ण परदेशी विद्यार्थ्यांच्या गटात जातं. मग परकीय नागरिक नोंदणी, व्हिसाची मुदतवाढ, असं सगळं मागे लागतं. ओसीआय असेल तर पोलिसांकडची ही नोंदणी लागत नाही. पात्रता असेल तर कार्ड काढून घ्या, यात विचार करण्यासारखं काही नाही.

४ मार्च २०२१: ही तारीख भिंतीवर लिहून ठेवा

ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व असं अनेकांना अजून वाटतं. तसं नाही. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. ओसीआय ही आयुष्यभराची व्हिसासारखी सवलत आहे, आणि त्यासोबत कोणते हक्क मिळतात हे केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवतं.

गृह मंत्रालयाने ४ मार्च २०२१ ला अशीच एक अधिसूचना काढली. तिच्यानुसार ओसीआय मुलांना नीट, जेईई मेन, जेईई अॅडव्हान्स्ड यांसारख्या परीक्षा देता येतात, पण प्रवेश मिळतो तो फक्त एनआरआय किंवा अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येच्या वर दिलेल्या जादा, जागांवर. फक्त भारतीय नागरिकांसाठी राखलेल्या जागांवर नाही. त्याआधी अनेक ठिकाणी ही मुलं सर्वसाधारण यादीतून प्रवेश घेत होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३ फेब्रुवारी २०२३ ला न्यायालयाने निकाल दिला: अधिसूचना वैध आहे, पण ती पुढच्या काळासाठी लागू. ज्यांना ४ मार्च २०२१ च्या आधी ओसीआय कार्ड मिळालं होतं, त्यांचा भारतीय विद्यार्थ्यांच्या बरोबरीने स्पर्धा करण्याचा हक्क शाबूत राहिला.

म्हणजे एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणारी दोन ओसीआय मुलं असू शकतात. एकाचं कुटुंब २०१५ ला परतलं, कार्ड तेव्हाचं. दुसरं कोविडनंतर परतलं, कार्ड २०२२ चं. पहिल्याला आयआयटीत सर्वसाधारण गटातून जागा मिळू शकते, दुसऱ्याला त्या रांगेत उभंच राहता येत नाही. अन्याय वाटेल, पण नियम आज असा आहे आणि आखणी त्यावरच करावी लागते.

यातून एक अगदी व्यवहाराची गोष्ट निघते. पासपोर्ट नवा झाला, कार्ड हरवलं किंवा खराब झालं म्हणून पुन्हा काढलं, तर नव्या कार्डावर नवी तारीख येते. मूळ कार्ड २०२१ च्या आधीचं होतं हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची. जुन्या पुस्तिकेच्या प्रत्येक पानाची रंगीत प्रत आणि स्कॅन आजच काढून ठेवा, मूळ पुस्तिका परत करावी लागली तरी. वयाच्या वीस वर्षांच्या आत नवा पासपोर्ट निघाला तर कार्ड बदलण्याची सक्ती आता नाही. नव्या पासपोर्टची प्रत आणि फोटो पोर्टलवर चढवायचा, वयाची वीस वर्षं पूर्ण झाल्यावर निघालेल्या पासपोर्टनंतर एकदाच कार्ड पुन्हा काढायचं. त्यामुळे बारावीच्या तोंडावर उगाच कार्ड नवं करायला धावू नका.

कोणत्या दारातून काय मिळतं

आयआयटी: जेईई अॅडव्हान्स्डच्या अर्जात जुन्या कार्डवाल्यांना निवड करावी लागते, भारतीयांच्या बरोबरीने की परदेशी नागरिक म्हणून. पहिला पर्याय घेतला तर सर्वसाधारण आणि सर्वसाधारण-दिव्यांग जागा मिळतात. ईडब्ल्यूएस, ओबीसी, एससी, एसटी या जागा मिळत नाहीत, आई-वडिलांकडे जातीचा दाखला असला तरीही. दुसरा पर्याय अधिसंख्य जागांचा. तिथे स्पर्धा वेगळी, फीही वेगळी. ही निवड अर्ज भरताना रात्री अकरा वाजता घाईत करायची नसते. घरातल्या पैशाचा अंदाज आणि मुलाच्या सराव परीक्षांची रँक समोर ठेवून आधीच ठरवा.

एनआयटी आणि त्या पंक्तीतल्या संस्थांसाठी 'डासा' नावाची वेगळी योजना आहे, परदेशी नागरिक, ओसीआय आणि एनआरआय यांच्यासाठी. आता तीही जेईई मेनच्या रँकवर चालते. मात्र अकरावी-बारावी कुठे झाली याबद्दलची अट त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत नीट वाचा. पुण्यात बारावी केलेल्या मुलांचं घोडं तिथेच अडतं.

राज्यातली इंजिनिअरिंग कॉलेजं: इथे राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलचा कारभार. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, मुख्य फेरीत 'महाराष्ट्र राज्याचा उमेदवार' होण्यासाठी भारतीय असणं ही पहिली अट असते, आणि ती सिद्ध करतो तो आपला परिचित कागद, वय-अधिवास-राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र. परदेशी पासपोर्टवर हे प्रमाणपत्र निघत नाही. पुण्यात जन्मभर राहिला असलात तरी. सेतू केंद्रातला एजंट 'करून देतो' म्हणाला तर तिथून उठून या. त्याऐवजी परदेशी नागरिक, ओसीआय, पीआयओ (भारतीय वंशाच्या व्यक्ती) आणि आखातातल्या भारतीय कामगारांची मुलं यांच्यासाठी अधिसंख्य जागांची वेगळी गुणवत्ता यादी लागते. त्या यादीत नाव येण्यासाठी कॉलेजांच्या वेळापत्रकावर लक्ष ठेवावं लागतं, कारण त्या तारखा मुख्य फेरीबरोबर चालतातच असं नाही. जुन्या कार्डवाल्यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत सोबत ठेवून छाननी केंद्रातच आपला उमेदवारीचा प्रकार लेखी स्पष्ट करून घ्यावा.

मेडिकल: नीट सगळ्यांनाच द्यावी लागते, परदेशी नागरिकांनाही. अभिमत विद्यापीठांमध्ये १५ टक्के जागा एनआरआय कोट्यात असतात, आणि नव्या कार्डवाल्या ओसीआय मुलांचा रस्ता मुख्यतः तोच. पुण्यात पिंपरीचं डॉ. डी. वाय. पाटील आणि धनकवडीचं भारती विद्यापीठ ही अशी अभिमत विद्यापीठं. तिथली एनआरआय फी मध्यमवर्गीय घराला परवडणारी नाही, हे स्पष्टच सांगतो. डॉक्टर व्हायचंच असेल आणि कार्ड २०२१ नंतरचं असेल, तर पैशाचं बोलणं अकरावीत करा, नीटच्या निकालानंतर नाही.

एनडीए: खडकवासल्याच्या रस्त्यावरून जाताना ज्या मुलांचे डोळे चमकतात त्यांना लवकर सांगून टाका. अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआयवर तिथे प्रवेश नाही.

बीए, बीकॉम, बीएस्सी, लिबरल आर्ट्स, डिझाइन, व्यवस्थापन: इथे परिस्थिती बरीच मोकळी आहे, आणि पुण्याची खरी ताकदही इथेच. सिंबायोसिसची स्थापना १९७१ ची आणि तीच मुळी परदेशी विद्यार्थ्यांचा विचार करून झालेली. तिथे ओसीआय मुलांचा अर्ज आंतरराष्ट्रीय शिक्षण केंद्राकडून जातो, नेहमीच्या प्रवेश परीक्षेच्या रांगेतून नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांमध्ये प्रवेश घेताना विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय केंद्राकडून पात्रता तपासून घ्यावी लागते. शिवाय २०२२ पासून यूजीसीने संस्थांना आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांसाठी २५ टक्क्यांपर्यंत अधिसंख्य जागा निर्माण करायची मुभा दिली आहे, आणि यूजीसीच्या लेखी परदेशी पासपोर्ट असलेला तो आंतरराष्ट्रीय विद्यार्थी. जागा आहेत. प्रश्न फीचा असतो.

आयबी किंवा ए-लेव्हल हे परदेशी बोर्डांचे अभ्यासक्रम केलेल्यांनी समकक्षता प्रमाणपत्र कोणाकडून लागतं हे बघून ते निकालानंतर लगेच मागवावं. राज्य बोर्ड, सीबीएसई, आयसीएसईच्या मुलांना त्याची गरज नाही.

शिष्यवृत्ती: बंद दारांपुढे उभं राहू नका

महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या योजना अधिवास आणि भारतीय नागरिकत्व मागतात. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिला आपण अजूनही 'ईबीसी' म्हणतो, तीही त्यातच. केंद्राच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या योजनांचंही तेच. यावर जास्त हळहळू नका. ईबीसीची उत्पन्नमर्यादा आठ लाखांची आहे, आणि आयटीत दोघं नोकरी करणाऱ्या घराला ती तशीही लागू झाली नसती. ज्यांना खरंच लागू झाली असती, म्हणजे परतल्यावर नोकरी गेली किंवा एकट्या आईवर घर आलं, त्यांच्यासाठी हा मोठा तोटा आहे, आणि त्यांनी खालचे पर्याय जास्त बारकाईने बघावेत.

परराष्ट्र मंत्रालयाची भारतीय वंशाच्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती आणि आयसीसीआरच्या (भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या) शिष्यवृत्त्या नावावरून आपल्यासाठीच वाटतात. पण त्यांचा रोख परदेशात शिकून भारतात येणाऱ्या मुलांकडे आहे. आयसीसीआरचा अर्ज परदेशातल्या भारतीय वकिलातीमार्फत पुढे जातो. कोथरूडमध्ये दहा वर्षं राहणाऱ्या मुलीचा त्यात मेळ बसणं अवघड. केंद्र सरकारचं 'स्टडी इन इंडिया' पोर्टल २०१८ पासून आहे. तिथे मात्र फीतल्या सवलती संस्थेनुसार दिसतात, म्हणून एकदा नजर टाकावी.

खरी शक्यता आहे ती संस्थेच्या स्वतःच्या शिष्यवृत्तीत. खासगी विद्यापीठं गुणवत्तेवर फीमाफी देतात आणि तिथे पासपोर्टपेक्षा मार्क, मुलाखत आणि उत्पन्न बघितलं जातं, जर त्यांच्या नियमात 'फक्त भारतीय नागरिक' असं लिहिलेलं नसेल तर. म्हणून प्रत्येक कॉलेजला ईमेलवर तीन प्रश्न विचारा: ओसीआय विद्यार्थ्याला कोणती फी लागू होते? पहिल्या वर्षाची की चारही वर्षांची? गुणवत्ता शिष्यवृत्ती त्याला मिळू शकते का? फोनवर मिळालेलं उत्तर धरू नका. फोन उचलणारा दरवर्षी बदलतो.

शैक्षणिक कर्जाचं एक सांगून ठेवतो. बँकांच्या नेहमीच्या योजनेत विद्यार्थी भारतीय असावा अशी अट असते, पण परदेशात जन्मलेल्या भारतीय पालकांच्या मुलांना कर्ज देणाऱ्या बँकाही आहेत. शाखेत जाऊन 'एज्युकेशन लोन मिळेल का' असं विचारू नका. 'अर्जदार ओसीआय, पालक भारतीय नागरिक, शिक्षण भारतात, चालेल का' असं विचारा.

मागचं दार: जिथे तुमचं मूल परकं नाही

हा भाग सगळ्यात कमी बोलला जातो, म्हणून इथे थोडा वेळ थांबू. पुण्यात परदेशी ठरलेलं मूल अमेरिकेत नागरिक आहे. पुण्यातून अमेरिकेला जाणारी त्याची वर्गमैत्रीण तिथे आंतरराष्ट्रीय विद्यार्थिनी असते, आणि तुमचं मूल नाही.

याचा अर्थ असा. अमेरिकेतली संघीय मदत, म्हणजे 'फाफसा' अर्जातून मिळणारी, नागरिकाला मिळते, राहतो कुठेही. आई-वडील भारतीय नागरिक असले, त्यांच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसला, तरी अडत नाही. मुलाकडे मात्र तो नंबर हवा. जन्मानंतर काढला असेल तर कार्ड शोधून ठेवा. पालकांचं भारतातलं उत्पन्न डॉलरमध्ये बदलून हाताने भरावं लागतं, कारण आपलं इन्कम टॅक्स रिटर्न त्यांच्या यंत्रणेला आपोआप जोडलं जात नाही. पुणेरी पगार डॉलरमध्ये लिहिला की तो लहान दिसतो, आणि इथे ते तुमच्या बाजूने जातं. पेल ग्रँट, जी परत करायची नसते, तिची कमाल रक्कम २०२५-२६ साठी ७,३९५ डॉलर होती. शिवाय पहिल्या वर्षाला ५,५०० डॉलरपर्यंत संघीय कर्ज, तेही जामीनदाराशिवाय.

त्याहून मोठी गोष्ट खासगी कॉलेजांची. स्टॅनफर्ड, कॉर्नेलसारखी विद्यापीठं नागरिकांच्या अर्जाचा निर्णय घेताना घरची ऐपत बघत नाहीत. आंतरराष्ट्रीय अर्जदारांच्या बाबतीत मात्र बघतात. तुमच्या मुलाचा अर्ज पहिल्या ढिगात जातो. अनेक खासगी कॉलेजं फाफसाशिवाय 'सीएसएस प्रोफाइल' हा आणखी तपशिलाचा अर्जही मागतात. त्यात दुसरा फ्लॅट, शेअर, सगळं विचारलं जातं.

खड्डा कुठे आहे? सरकारी विद्यापीठांत. राज्याची सवलतीची फी तिथल्या रहिवाशांना मिळते. न्यू जर्सीत जन्म झाला म्हणून रटगर्समध्ये स्थानिक फी लागेल असं नाही. पुण्यातला पत्ता म्हणजे राज्याबाहेरचा. मामा-काकांच्या पत्त्यावर अर्ज करायची युक्ती सुचवणारे नातेवाईक भेटतील. ऐकू नका. आणि मुलगा असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये, म्हणजे सक्तीची लष्करभरती लागलीच तर वापरायच्या अमेरिकेच्या यादीत, नोंदणी, परदेशात राहत असला तरी.

इतर पासपोर्टांचं थोडक्यात: ब्रिटनमध्ये स्थानिक फीसाठी पासपोर्ट पुरत नाही, कोर्स सुरू होण्याआधीची तीन वर्षं तिथे राहणं लागतं. पुण्यात वाढलेल्या ब्रिटिश मुलाला परदेशी फी पडते. ऑस्ट्रेलियन नागरिकाला सरकारी अनुदानित जागा मिळते. कॅनडात नागरिकाला साधारणपणे देशी फी लागते, क्यूबेकचे नियम वेगळे. सिंगापूरच्या मुलग्यांनी आधी राष्ट्रीय सेवेचं बघावं.

नागरिकत्व बदलावं का?

हा प्रश्न प्रत्येक घरात कधी ना कधी येतो. आई-वडील भारतीय नागरिक असतील तर नागरिकत्व कायद्याच्या कलम ५(१)(ड) खाली अल्पवयीन मुलाची भारतीय नागरिक म्हणून नोंदणी करता येते. ऑनलाइन अर्ज आणि मग जिल्हाधिकारी कार्यालय. अठरा पूर्ण झाली की ही वाट बंद. सज्ञान ओसीआयधारकासाठी वेगळी तरतूद आहे: कार्डाला पाच वर्षं आणि अर्जाआधी बारा महिने भारतात वास्तव्य.

पण दुसऱ्या देशाचं नागरिकत्व सोडावं लागतं, आणि अमेरिकेच्या नियमात पालकांना मुलाच्या वतीने ते सोडता येत नाही. मुलाने स्वतः, समजून-उमजून, वकिलातीत जाऊन करायचं असतं. एका सीईटीसाठी हा निर्णय घेणं मला पटत नाही. एनडीएचं किंवा भारतातल्या सरकारी नोकरीचं पक्कं स्वप्न असेल तर गोष्ट वेगळी, आणि तेव्हाही प्रक्रियेला लागणारा वेळ बघता नववीत सुरुवात करावी.

कधी काय करायचं

नववी-दहावीत नाव आणि राष्ट्रीयत्व दुरुस्त करा, जुन्या ओसीआयची प्रत काढा, पासपोर्टची मुदत बघा. सोळाच्या आत काढलेला अमेरिकन पासपोर्ट पाचच वर्षं चालतो, आणि नेमका दहावी-बारावीच्या आसपास संपतो. अकरावीत गट ठरवा आणि फीचे ईमेल पाठवा. अमेरिकेचा विचार असेल तर एसएटी याच वर्षी. बारावीच्या वर्षी फाफसा साधारण १ ऑक्टोबरला उघडतो, जेईई आणि नीटचे अर्ज हिवाळ्यात येतात, सीईटी सेलचेही त्याच सुमारास.

घरात थोरली सिएटलची आणि धाकटा एरंडवण्यातला असेल, तर दोघांच्या फायली वेगळ्या ठेवा. थोरलीसाठी जमवलेलं यातलं बरंच काही धाकट्याच्या उपयोगाचं नाही. त्याला तहसीलदाराचा दाखला काढायचा आहे, आणि तो निकालाच्या गर्दीआधीच काढलेला बरा.